तक्त्यातले आकडे एका मापाचे नसतात

मा. संपादक,

स. न. वि. वि.

नवा स्मार्टफोन आला की आपल्या पुरवणीत त्याचा तुलना-तक्ता येतो. एका बाजूला नवा फोन, शेजारी दोन-तीन प्रतिस्पर्धी, आणि खाली मेगापिक्सेल, एमएएच, निट्स, वॅट, जीबी अशा ओळी. ज्याचा आकडा मोठा त्याचा रकाना ठळक. फोनची चाचणी आणि दुरुस्ती हेच आमचे काम असल्याने या तक्त्यांबद्दल थोडे सविस्तर लिहीत आहोत. त्यातले आकडे खोटे नसतात. पण ते एका मापाने मोजलेले नसतात. एकाने लांबी हाताने मोजली आणि दुसऱ्याने वाराने, तर नुसते आकडे शेजारी मांडून काय कळणार?

बॅटरीचेच बघा. ५००० एमएएच हा विद्युतभाराचा आकडा आहे, ऊर्जेचा नाही. ऊर्जा हवी तर त्याला व्होल्टेजने गुणावे लागते. सेलचे नाममात्र व्होल्टेज ३.८५ धरले तर ५००० एमएएच म्हणजे १९.२५ वॅट-तास. तुलना करायची ती या वॅट-तासांची, आणि तो आकडा बॅटरीच्या वेष्टनावर छापलेलाच असतो. वेगवान चार्जिंगच्या काही फोनमध्ये दोन सेल एकापुढे एक जोडलेले असतात. त्यांच्या वेष्टनावर २५०० एमएएच आणि ७.७ व्होल्ट असे काहीतरी दिसते, आणि फोन उघडून पाहणाऱ्याला आपण फसलो असे वाटते. तसे नसते, वॅट-तास तितकेच भरतात. दुसरी बारीक गोष्ट म्हणजे ‘टिपिकल’ आणि ‘रेटेड’ क्षमता. टिपिकल ही सरासरी, रेटेड ही किमान. ५००० टिपिकल असलेल्या सॅमसंगच्या काही फोनची रेटेड क्षमता ४८५५ असते, आणि तसे कंपनीच्या तळटीपेत लिहिलेलेही असते. एका फोनचा टिपिकल आणि दुसऱ्याचा रेटेड आकडा शेजारी छापला, की तीन टक्क्यांचा फरक कागदावरच तयार होतो.

बरेच फोन इतकी वर्षे ५००० च्या आसपास अडकून का राहिले, याचे एक कारण वाहतुकीच्या नियमांत आहे. एका लिथियम सेलची ऊर्जा २० वॅट-तासांच्या आत असेल तर तो सवलतीच्या नियमांखाली पाठवता येतो. त्यापुढे धोकादायक मालाचे पूर्ण नियम लागतात. २० ला ३.८५ ने भागा, सुमारे ५१९५ एमएएच येतात. म्हणूनच एकाच नावाचा फोन एका देशात मोठ्या आणि दुसऱ्या देशात लहान बॅटरीसह विकला जातो. तक्त्यात नेमका कुठला आकडा घेतला हे लिहिलेले नसेल तर तो आकडा वाचकाच्या हातातल्या फोनचा असेलच असे नाही.

सध्या सिलिकॉन-कार्बन बॅटरीचा बोलबाला आहे. ग्रॅफाइट दर ग्रॅमला ३७२ एमएएच साठवतो, सिलिकॉनची सैद्धांतिक क्षमता त्याच्या जवळपास दहापट. मेख अशी की लिथियम शोषताना सिलिकॉन फुगतो. त्याचे आकारमान तिपटीच्याही पुढे जाऊ शकते. तो चार्ज-डिस्चार्जमध्ये फुगून-आकसून भेगाळू नये म्हणून कार्बनमध्ये थोड्या प्रमाणात मिसळतात. त्यामुळे अशा फोनची तुलना करताना पहिल्या दिवशीच्या एमएएचइतकेच महत्त्वाचे आहे ते किती चक्रांनंतर, म्हणजे पूर्ण चार्ज-डिस्चार्जच्या किती फेऱ्यांनंतर, क्षमता ८० टक्के उरते. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार बॅटरीने ८०० चक्रांनंतर किमान ८० टक्के क्षमता राखली पाहिजे. त्याच दिवसापासून तिथे विकल्या जाणाऱ्या फोनला ऊर्जा-लेबल लागते. त्यावर एका चार्जमध्ये फोन किती तास-मिनिटे चालतो, बॅटरीची चक्रे, पडण्याच्या चाचणीतला वर्ग, दुरुस्तीसुलभतेचा वर्ग आणि पाणी-धुळीपासूनचे संरक्षण, एवढे सगळे असते. चाचणी कंपनीच करते हे खरे, पण पद्धत सर्वांना सारखी. पाच ओळी एका मापाच्या आणि त्याही आयत्या मिळत असताना आपल्या तक्त्यात त्यांतली एकही नसावी, याचे आश्चर्य वाटते.

बॅटरी प्रत्यक्ष चालवून पाहणाऱ्यांची एक चूक आम्हाला सर्रास दिसते. दोन्ही फोनचा उजेडाचा स्लायडर निम्म्यावर आणायचा आणि तोच व्हिडिओ लावायचा. स्लायडरचा निम्मा म्हणजे निम्मा उजेड नव्हे. एका फोनवर तो १२० निट्स (निट हे पडद्याच्या उजेडाचे माप) असेल, दुसऱ्यावर २५०. मग पहिला फोन जास्त चालला यात नवल कसले? उजेड जुळवायची सोपी रीत अशी. दोन्ही फोनवर कोरे पांढरे चित्र पूर्ण पडद्यावर उघडा, आपोआप उजेड बदलणारी सोय बंद करा. अंधाऱ्या खोलीत तिसऱ्या फोनच्या कॅमेऱ्याचा प्रो मोड घ्या, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, शटर १/६० सेकंद असे पक्के करा आणि दोन्ही पडदे एकाच फोटोत टिपा. फोटोत दोन्ही पडदे नुसते पांढरेफटक आले असतील तर आयएसओ कमी करा किंवा शटर वेगवान करा. दोन्हींची राखाडी छटा सारखी दिसेपर्यंत स्लायडर सरकवा. चाचणी फोन सुरू केल्याच्या दिवशीच घेऊ नका. पहिले दोन-तीन दिवस फोटोंची छाननी, अॅपची जुळणी अशी कामे पडद्यामागे चालू असतात आणि नवा फोन विनाकारण तापट व खादाड वाटतो. सिम एकाच कंपनीचे आणि जागाही एकच हवी. कमजोर सिग्नलमध्ये मोडेम जास्त ताकदीने बोलतो आणि बॅटरी तिथेच जाते.

चार्जिंगच्या वॅटबद्दल थोडक्यात. १२० वॅट हा शिखराचा आकडा असतो, आणि फोन त्या शिखरावर काही मिनिटेच टिकतो. सेलचे व्होल्टेज कमाल मर्यादेला पोचले की प्रवाह कमी-कमी करत न्यावा लागतो, शेवटचे १५-२० टक्के म्हणूनच रेंगाळतात. छापायचे तर दोन आकडे छापा: १५ मिनिटांत किती टक्के, आणि १ ते १०० ला किती मिनिटे. शिवाय हा वेग कुठल्या चार्जरवर? कंपनीच्या खास पद्धतीचा फोन साध्या यूएसबी पीडी (सर्व कंपन्यांना सामाईक पद्धतीच्या) चार्जरवर लावला की बहुतेकदा त्या जाहिरातीतल्या वेगाचा एक हिस्साच मिळतो. केबलही आड येते. ई-मार्कर चिप (केबलची क्षमता कळवणारी) नसलेली टाइप-सी केबल ३ अँपिअरच्या पुढे जात नाही. ४५ वॅटचा सॅमसंग फोन अशा केबलवर २५ वॅटच्या पातळीला उतरतो. पडद्यावर ‘सुपर फास्ट चार्जिंग २.०’ ऐवजी नुसते ‘सुपर फास्ट चार्जिंग’ दिसते, एवढीच काय ती खूण. त्याच भोकातून डेटा किती वेगाने जातो ही ओळ तर तक्त्यात कधीच नसते. आयफोन १५ चे टाइप-सी पोर्ट यूएसबी २ चे, सेकंदाला ४८० मेगाबिट. आयफोन १५ प्रोचे १० गिगाबिट. भोक दिसायला एकच. १०० जीबी व्हिडिओ संगणकावर उतरवायला पहिल्यात पाऊण तास लागतो, दुसऱ्यात योग्य केबल असेल तर काही मिनिटे.

आता प्रोसेसर. अँटुटू आणि गीकबेंच या वेग मोजणाऱ्या चाचण्यांचे गुण छापताना आवृत्ती लिहिली नाही तर तो आकडा निरर्थक आहे. गीकबेंच ५ मध्ये १००० गुण म्हणजे इंटेलच्या कोअर आय३-८१०० या संगणकाच्या प्रोसेसरची पातळी होती, गीकबेंच ६ मध्ये २५०० गुण म्हणजे कोअर आय७-१२७०० ची. दोन आवृत्त्यांचे गुण एका रकान्यात टाकणे म्हणजे निव्वळ घोटाळा. ‘४ नॅनोमीटर’, ‘३ नॅनोमीटर’ ही कारखान्याच्या प्रक्रियेची नावे आहेत, चिपमधल्या कुठल्याही भागाची मोजलेली लांबी नव्हे. आणि हे गुण मिळवताना हातचलाखी होते हे जगजाहीर आहे. २०१८ मध्ये हुआवेचे पी२० आणि इतर काही फोन चाचणीचे अॅप ओळखून जास्त जोराने चालतात असे आढळल्यावर थ्रीडीमार्क या ग्राफिक्स-चाचणीच्या यादीतून काढले गेले. २०२१ मध्ये वनप्लस ९ मालिका आणि २०२२ मध्ये सॅमसंगच्या एस१० पासून एस२२ पर्यंतच्या मालिका गीकबेंचने काढल्या. त्यांत रोजच्या अॅपचा वेग रोखला जात होता आणि चाचणीच्या अॅपचा मात्र नाही. फोन अॅपला ओळखतो तो त्याच्या नावावरून. त्यामुळे नाव बदललेले चाचणी-अॅप चालवले की खरे गुण बाहेर येतात.

आमच्या मते एकाच क्षणाच्या गुणांपेक्षा टिकाव पाहावा. थ्रीडीमार्कची वाइल्ड लाइफ एक्स्ट्रीम स्ट्रेस टेस्ट एका मिनिटाची फेरी सलग २० वेळा फिरवते आणि सर्वांत चांगली फेरी, सर्वांत वाईट फेरी व स्थिरतेची टक्केवारी देते. इथेही सावध राहायला हवे. समजा एका फोनची पहिली फेरी ५००० ची आणि स्थिरता ५० टक्के, दुसऱ्याची ३५०० ची आणि स्थिरता ८० टक्के. पहिल्या मिनिटाला पहिला पुढे आहे. विसाव्या मिनिटाला पहिला २५०० वर आणि दुसरा २८०० वर. खेळ खेळणाऱ्याला यातला विसाव्या मिनिटाचा आकडा कामाचा. पण दुसऱ्याची सुरुवातच २५०० ची असती तर ९० टक्के स्थिरता असूनही तो मागेच राहिला असता, म्हणून नुसती टक्केवारीही छापू नये. दोन्ही फेऱ्या छापाव्यात. चाचणी कव्हर काढून, चार्जरला न लावता, २५ अंशांच्या आसपासच्या खोलीत, पंख्याच्या झोतापासून दूर, लाकडी टेबलावर घ्यावी. धातूच्या ओट्यावर ठेवलेला फोन आपली उष्णता ओट्याला देतो आणि फुकटचे गुण मिळवतो.

रॅमपुढचे ‘८ अधिक ८’ मनावर घेऊ नका. दुसरे ८ जीबी म्हणजे साठवणुकीतली उसनी जागा. एलपीडीडीआर५एक्स रॅम सेकंदाला सुमारे ६८ जीबी देते, तर यूएफएस ४.० साठवणूक वाचनात ४.२ जीबी, यूएफएस ३.१ त्याच्या निम्म्यावर. १६ जीबीच्या फोनशी याची बरोबरी होऊच शकत नाही.

पडद्याच्या ‘कमाल ३००० निट्स’चेही असेच. ओलेड पडद्यावर हा उजेड पडद्याच्या एका लहानशा तुकड्यावर, बाकी काळे असताना आणि थोडा वेळच मिळतो. पूर्ण पडदा पांढरा केला की वीज आणि उष्णतेची मर्यादा आड येते व उजेड उतरतो. अॅपल आयफोन १६ साठी तीन आकडे वेगळे देते: नेहमीचा १०००, एचडीआरचा (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणाऱ्या व्हिडिओ-फोटोंसाठीचा) १६०० आणि उन्हातला कमाल २०००. गूगल पिक्सेल ९ प्रोसाठी एचडीआरचा २००० आणि कमाल ३००० असे दोन. तक्ता करणारा दरवेळी सर्वांत मोठा आकडा उचलतो, आणि काही वेळा एकाचा एचडीआर व दुसऱ्याचा कमाल. शिवाय डोळ्याला दुप्पट निट्स दुप्पट उजेड वाटत नाहीत. उन्हात वाचता येणे हे परावर्तनावरही तितकेच ठरते. साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो. गॅलेक्सी एस२४ अल्ट्राची काच हे परावर्तन जास्तीत जास्त ७५ टक्क्यांनी घटवते असा ती काच बनवणाऱ्या कॉर्निंगचा दावा आहे. त्यावर साधा स्क्रीनगार्ड चिकटवला की सगळे मुसळ केरात. कमी उजेडात ज्यांचे डोके दुखते त्यांनी पडद्याचे लुकलुकणे पाहावे: उजेड अगदी कमी करून दुसऱ्या फोनच्या प्रो मोडमध्ये १/२००० शटरने फोटो काढा. रुंद, गडद काळे पट्टे दिसले तर लुकलुक मंद आणि खोल आहे. बारीक, फिकट किंवा पट्टेच नाहीत तर डोळ्यांना सुसह्य.

कॅमेऱ्यात सर्वांत जास्त दिशाभूल होते. २०० मेगापिक्सेलच्या सेन्सरचे पिक्सेल ०.६ मायक्रॉनचे असतात, आणि नेहमीच्या फोटोत असे १६ पिक्सेल एकत्र करून १२.५ मेगापिक्सेलचे चित्र मिळते. ५० मेगापिक्सेलच्या ‘एक इंची’ सेन्सरचे पिक्सेल १.६ मायक्रॉनचे, चार-चार जोडून तिथेही १२.५ मेगापिक्सेलच. म्हणजे तक्त्यात चौपट फरक आणि फोटोत एकच मोजमाप. फरक पडतो तो क्षेत्रफळाचा. २०० मेगापिक्सेलच्या १/१.३ इंची सेन्सरचे क्षेत्र सुमारे ७२ चौरस मिलिमीटर, एक इंचीचे सुमारे १२८. ‘एक इंच’ हेही नावापुरतेच बरे का. त्या सेन्सरचा कर्ण जेमतेम १६ मिलिमीटर असतो. हे माप जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या काचनळीच्या बाहेरच्या व्यासावरून चालत आले आहे. तेव्हा मेगापिक्सेलच्या जागी मुख्य, अल्ट्रावाइड (रुंद दृश्याचा) आणि टेली (दूरचे जवळ आणणारा) या तिन्ही सेन्सरचे आकार छापले तर वाचकाला एका नजरेत कळेल की कंपनीने मुख्य कॅमेऱ्यावर खर्च करून बाकीच्यांवर कुठे हात आखडता घेतला. २ मेगापिक्सेलचा मॅक्रो किंवा डेप्थ कॅमेरा मोजणीत धरूच नये, तो भिंगांची संख्या वाढवायला असतो.

झूमची परीक्षा बोटाने होते. खोलीतल्या दिव्याच्या उजेडात ३ एक्सवर कॅमेरा धरा आणि टेली भिंगावर बोट ठेवा. चित्र काळे झाले नाही, तर फोन टेली वापरतच नाही. मुख्य कॅमेऱ्याचे चित्र कापून मोठे करतो आहे. कमी उजेडात आणि वस्तू जवळ असताना अनेक महागडे फोनही हेच करतात. मग त्या टेलीचा ‘५ एक्स’ उन्हापुरताच खरा. दोन भिंगांच्या मधल्या पल्ल्यावर, म्हणजे ३ आणि ५ एक्सची भिंगे असतील तर ४ एक्सवर, फोटो काढून पाहा. बहुतेक फोन तिथे उघडे पडतात.

दोन फोनचे फोटो तुलनेला घेताना ते ज्या-त्या फोनच्या पडद्यावर पाहू नयेत, कारण प्रत्येक पडदा स्वतःच्या कॅमेऱ्याला नटवतो. मूळ फाइल केबलने संगणकावर घ्या. मेसेजिंग अॅपवरून पाठवलेला फोटो दाबून लहान केलेला असतो, त्यावरून ‘याचा तपशील कमी’ असे म्हणणे अन्यायाचे. एकच पडदा, एकच आकार, एकच क्षण. भिंगे आधी पुसा. रात्रीच्या दिव्यांभोवती पसरलेला धुरकट उजेड निम्म्या वेळा बोटांच्या तेलाचा असतो. स्थिर वस्तूवर सगळेच फोन बरे दिसतात, खोलीच्या उजेडात चालत्या माणसाचे दहा फोटो काढा आणि त्यात किती पाय फाटलेले येतात ते मोजा. पुरवणीत छापलेल्या तुलनांमध्ये फुलदाण्याच फार असतात.

पाणी आणि धूळ याबाबत इतकेच की आयपी६८ या संरक्षण-दर्जात फोन किती खोल पाण्यात बुडवून तपासायचा हे कंपनी ठरवते. एकाचा आयपी६८ दीड मीटरचा तर दुसऱ्याचा सहा मीटरचा, दोन्ही ३० मिनिटांसाठी आणि गोड्या पाण्यात. आयपी६९ म्हणजे त्याच्या वरची पायरी असे नाही. ती जोराच्या गरम झोताची वेगळी चाचणी आहे, बुडवण्याची नव्हे. एकदा मागची काच उघडली की मूळ डिंकाची सील गेली, नवी पट्टी नीट बसवली नसेल तर तो आकडा विसरावा. एसएआरच्या (शरीरात शोषल्या जाणाऱ्या रेडिओलहरींच्या मापाच्या) ओळीत १ ग्रॅम ऊतीवर मोजलेला आकडा आणि १० ग्रॅमवर मोजलेला आकडा शेजारी ठेवू नयेत. पहिल्याची मर्यादा १.६, दुसऱ्याची २.०, आणि मोजणीच वेगळी.

सॉफ्टवेअरचे ‘७ वर्षे’ कुठून मोजतात हे लिहायला हवे. गूगलने पिक्सेल ८ पासून, म्हणजे २०२३ पासून, आणि सॅमसंगने २०२४ च्या एस२४ पासून ७ वर्षांचे वचन दिले, पण घड्याळ फोन बाजारात आला तेव्हा सुरू होते, ग्राहकाने घेतला तेव्हा नाही. दोन वर्षे जुने मॉडेल सवलतीत घेणाऱ्याला पाचच मिळतात. ‘चार अँड्रॉइड आवृत्त्या’ आणि ‘चार वर्षे सुरक्षा-अपडेट’ ही वचनेही वेगवेगळी. सुरक्षा-अपडेट दर महिन्याला येते की तीन महिन्यांनी हे तपासायला सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’खाली सिक्युरिटी पॅचची तारीख असते, कंपनीच्या वर्षभर जुन्या फोनवर ती तारीख किती मागे आहे ते पाहिले की वचन कितपत पाळले जाते ते दिसते.

आणि शेवटी सर्वांत साधी मागणी. तक्त्याच्या डोक्यावर फोनचे नुसते नाव नको, पूर्ण मॉडेल क्रमांक आणि रॅम-साठवणूक छापावी. गॅलेक्सी एस२४ अनेक देशांत एक्झिनॉस २४०० घेऊन येतो, अमेरिका-कॅनडात स्नॅपड्रॅगन ८ जेन ३ घेऊन. नाव तेच, क्रमांकाच्या शेवटचे अक्षर वेगळे. एस२३ च्या १२८ जीबी फोनमध्ये यूएफएस ३.१ साठवणूक होती आणि २५६ जीबीमध्ये यूएफएस ४.०. परीक्षणाला येतो तो सहसा वरचा प्रकार, दुकानातून घेतला जातो तो खालचा. पुढच्या तक्त्यात चाचणी घेतलेला नेमका प्रकार एका ओळीत आला, तर वाचकाला निदान एवढे तरी कळेल की गुण मिळवणारा फोन आणि आपण घेणार तो फोन एकच आहे का.

कळावे,

आपले,
फोनच्या चाचणी व दुरुस्तीचे काम करणारे काही वाचक